अठ्ठावन्ननंतरचे अण्णासाहेब

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असं ठरवलं होतं. पण ग्रुपवर आलेल्या लेखांची यादी वाचली आणि लक्षात आलं, की मधल्या सुट्टीतल्या कैऱ्या, पीटीच्या सरांची शिट्टी, गॅदरिंगमधलं फसलेलं नाटक आणि एस.टी. बंद पडलेली सहल हे सगळे विषय आधीच गेलेले आहेत. शिवाय १९७३ च्या जुन्या अकरावीची आपली बॅच आता सदुसष्टीला टेकली आहे. पन्नास वर्षांपूर्वी काय झालं याबद्दल आपण भरपूर बोलतो. सकाळी उठल्यावर पुढचा दिवस कसा घालवायचा, याबद्दल मात्र आपल्यापैकी फारसं कुणी बोलत नाही. त्यामुळे मी एका जुन्या माणसाचं चरित्र लिहायचं ठरवलं. सगळं नाही, त्याचा उत्तरार्धच जास्त.

शाळेच्या हॉलमध्ये ओळीने लावलेले फोटो आठवतात? टिळक, आगरकर, गोखले, आणि टोकाला पांढऱ्या दाढीमिशांचे महर्षी कर्वे. इतिहासाच्या पेपरात त्यांच्यावर टीप यायची. विधवाविवाह, हिंगणे, महिला विद्यापीठ, भारतरत्न असे चार शब्द लिहिले की मार्क मिळायचे. त्या टिपेत नसलेली एक गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, तीही वयं मांडून पाहिली तेव्हा. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या हिशेब विभागात काम केलं, त्यामुळे आकडे मांडायची खोड आहे. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. महिला विद्यापीठ सुरू झालं १९१६ च्या जूनमध्ये. म्हणजे अठ्ठावन्न पूर्ण. आपल्याला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, नेमक्या त्याच वयात या माणसाने विद्यापीठ काढलं. आणि तिथून पुढे ते आणखी सेहेचाळीस वर्षं जगले. निवृत्तीनंतरचं त्यांचं आयुष्य नोकरीच्या दुपटीने होतं.

आधीचं थोडक्यात सांगतो. आजोळ शेरवली, खेड तालुक्यातलं. घर मुरूडला, दापोलीजवळ. वडील केशवपंत कारकुनी करणारे, घरची परिस्थिती ओढगस्तीची. मुरूडच्या शाळेत त्यांना विनायक लक्ष्मण सोमण नावाचे गुरुजी भेटले. सोमण गुरुजी नुसते धडे शिकवत नसत. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम ते या लाजाळू मुलाकडून करून घेत. आज आपल्या मेळाव्याला जे गुरुजन येणार आहेत त्यांनी हे वाक्य जरा सावकाश वाचावं अशी माझी विनंती आहे. पुढच्या शंभर वर्षांतलं सार्वजनिक काम त्या वर्तमानपत्राच्या वाचनापासून सुरू होतं, असं मला वाटतं.

१८७५ ची गोष्ट. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. पावसाळी हवेमुळे मुंबईची बोट मिळेना, म्हणून धोंडू कर्वे सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला चालत निघाला. कुंभार्ली घाट चढून, पाटणवरून, शंभर मैलांहून जास्त वाट. साताऱ्यात पोचल्यावर परीक्षा समितीने त्याच्याकडे पाहिलं आणि वय सतराच्या खाली दिसतं म्हणून बसू दिलं नाही. वय खरं तर पूर्ण झालं होतं, पण अंगकाठीच तशी. आला तसा परत गेला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाला. या गोष्टीतला चालण्याचा भाग सगळे सांगतात. मला परतीची वाट जास्त मोठी वाटते.

पुढे मुंबईत शिकवण्या करत करत मॅट्रिक, मग १८८४ ला गणित घेऊन बी.ए. मुंबईच्या शाळांतून शिकवलं. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. ११ मार्च १८९३ ला त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. मुरूडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी पुढाकार घेऊन मुरूड फंड उभा केला होता, त्याच गावात आईच्या घरी उतरण्याची चोरी झाली. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० च्या सुमारास प्लेगामुळे तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चार मैल तुडवत हिंगण्याला जायचं, पावसाळ्यात चिखलातून, हातात आश्रमाचं सामान. सकाळी पुन्हा कॉलेज. हे वर्षानुवर्षं. सध्या मी कोथरूडला मुलाकडे असतो. तिथे सगळ्यांना कर्वे पुतळा हा बसचा थांबा म्हणून माहीत आहे, आणि हिंगणे बुद्रुकचं कर्वेनगर झालेलं आहे. सकाळी फिरायला निघालो की सिग्नलला थांबून थांबून मला त्या वाटेचा कंटाळा येतो. असो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रघुनाथ परांजपे हे कर्व्यांचे नात्यातले, धाकट्या भावासारखे. त्यांना शिक्षणासाठी कर्व्यांनीच आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि परत येऊन १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे आपण वाढवलेला, वयाने अठरा वर्षांनी लहान मुलगा आपला वरिष्ठ झाला, आणि अण्णासाहेब पुढची बारा वर्षं त्याच्या हाताखाली गणित शिकवत राहिले. आपल्यापैकी ज्यांनी ऑफिसात ज्युनिअरचं प्रमोशन पाहिलेलं आहे त्यांना याचं वजन कळेल. ज्याला खुर्चीची सवय कधी लागलीच नाही, त्याला ती सुटल्याचं दुःखही फारसं होत नसावं.

१९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन्न. त्या काळात छप्पन्न म्हणजे म्हातारपणच. हिंगण्याची संस्था चांगली मार्गी लागलेली होती. मुलींसाठी महिला विद्यालय निघालं होतं, निष्काम कर्ममठ काढून पुढची कार्यकर्ती मंडळी तयार होत होती. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसे आणत होत्या. अण्णासाहेबांनी निवांत बसावं, संस्थेचे अध्यक्ष म्हणून हारतुरे घ्यावेत, असं सगळं जुळून आलेलं होतं. १९१५ मध्ये त्यांनी आत्मवृत्त लिहून प्रसिद्धही केलं. आत्मचरित्र लिहिलं की माणसाने आपला हिशेब पूर्ण केला असं समजतात. यांचा निम्माही झाला नव्हता.

झालं असं, की टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने त्यांच्याकडे आली होती. ती त्यांनी वाचून बाजूला ठेवली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषद भरणार होती आणि तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषण काय करायचं या विचारात ती पुस्तिका पुन्हा हाताला लागली. त्यांनी भाषणात मांडलं, की मुलींसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावं आणि तिथलं शिक्षण मातृभाषेतून असावं. अध्यक्षीय भाषणातल्या सूचना बहुतेक वेळा इतिवृत्तात जाऊन झोपतात. यांनी सहा महिन्यांत विद्यापीठ उभं केलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती, आणि पहिले कुलगुरू तेच रँग्लर परांजपे. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी पाच. नाव भारतवर्षीय महिला विद्यापीठ! नावाचा पल्ला आणि पटावरचा आकडा पाहून पुण्यात कुणी हसलं नसेल असं मला वाटत नाही.

पैसे कुठून आले, हा माझ्यासारख्याला पहिला पडणारा प्रश्न. सुरुवातीला ते आले वर्षाला थोडी थोडी वर्गणी भरणाऱ्या माणसांकडून. अशा वर्गणीदारांच्या मतांवर विद्यापीठाच्या कारभारी मंडळातली माणसं निवडली जात. म्हणजे वर्गणी देणारा नुसता देणगीदार राहत नव्हता, तो त्या कामाचा भागीदार होत होता. ही माणसं मिळवण्यासाठी अण्णासाहेब साठीच्या घरात देशभर हिंडले. आगगाडी, ओळखीचं कुणाचं तरी घर, सकाळी यादी घेऊन दारं ठोठवायची, संध्याकाळी पुढच्या गावाला. आणि हे कोण करत होतं? सभेत उभं राहिल्यावर घाबरणारा, स्वभावाने भिडस्त, आवाज बारीक असलेला माणूस. वक्तृत्व त्यांच्याकडे नव्हतंच.

मी या भागावर जास्त विचार केलेला आहे, कारण मला एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. निवृत्तीनंतर माणसं कमी होत जातात. आधी ऑफिसची, मग शेजारची, मग नात्यातली. आपल्या वर्गातला एक मित्र, नाव लिहीत नाही, बायको गेल्यानंतर दोन वर्षं जवळजवळ घराबाहेर पडला नव्हता. ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पडत होते आणि चाळीस जणांपैकी एकालाही कळलं नाही की त्याने तो ग्रुप उघडणंच बंद केलं आहे. शेवटी आपल्यातली एक मैत्रीण दुसऱ्याच कामासाठी त्याच्या गावात गेली होती म्हणून समजलं. आपण सगळे वाट पाहतो की कुणीतरी आपल्याकडे यावं. अण्णासाहेबांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षानंतर कुणी येण्याची वाट पाहिलीच नाही, कारण त्यांच्याकडे दुसऱ्याच्या दाराशी जायला नेहमी काहीतरी कारण असायचं. वर्गणीची पावती हे ते कारण. पैसे मागणारा माणूस लोकांना नकोसा होतो, असा आपला समज. स्वतःसाठी मागत नसलेला आणि हिशेब चोख ठेवणारा माणूस मात्र दरवर्षी येणारा पाहुणा होतो.

मोठी रक्कम आली १९२० मध्ये. सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात जपानचं ते महिला विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी आपल्या आईच्या नावाने पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते. १९२० चे पंधरा लाख! आपल्या मैत्रिणींपैकी दोघींच्या पदव्या तिथल्याच आहेत. मात्र सरकारमान्यता मिळायला १९५१ उजाडलं. पस्तीस वर्षं या विद्यापीठाची पदवी कायद्याच्या दृष्टीने कच्ची होती, आणि तरीही मुली येत राहिल्या. ती मान्यता पाहायला अण्णासाहेब होते, वय त्र्याण्णव. मुलींना वेगळा अभ्यासक्रम, गृहजीवनशास्त्र वगैरे, हे सगळं मला आजच्या नजरेने पटत नाही आणि तेव्हाही अनेकांना पटलेलं नव्हतं. पण ज्या घरांतून मुलीला मुलांच्या कॉलेजात कधीच पाठवलं नसतं, अशी घरं त्यांना माहीत होती. ते त्या घरांच्या दारात जाऊन आलेले होते.

पंधरा लाख आल्यावर तरी थांबावं की नाही? १९२९ च्या मार्चमध्ये, एकाहत्तरावं वर्ष पुरं व्हायला महिना राहिलेला असताना, ते बोटीने विलायतेला निघाले. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या परिषदेला हजर राहिले, लंडनला भारतातल्या स्त्रीशिक्षणावर बोलले, जिनिव्हा झालं, डेन्मार्कमध्ये एल्सिनोरच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदेत आपल्या विद्यापीठाच्या प्रयोगाची माहिती दिली. बर्लिनमध्ये आइनस्टाइनची भेट घेतली. निवृत्त गणिताच्या मास्तराला ही भेट कशी वाटली असेल, याची कल्पना आपल्या गणिताच्या सरांनीच करावी. मग अमेरिका, आणि शेवटी जपान. ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून हे सगळं सुरू झालं, ते चौदा वर्षांनी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परत आले आणि १९३० च्या अखेरीला आफ्रिकेला निघाले. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका, सव्वा वर्ष. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांची दारं ठोठावली. त्यांचे चिरंजीव शंकर तिकडे डॉक्टर होते. पण मुलाकडे आराम करायला म्हणून गेलेले वडील आणि हे, यात फरक आहे. आपल्यापैकी बरेच जण सहा महिने अमेरिकेला मुलांकडे जाऊन येतात आणि तिथे एकटं पडायला होतं असं सांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता दुसरी बाजू. हा लेख लिहितोय असं मी एका वर्गमैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने ऐकवलं, की निवृत्तीचा आजार पुरुषांना होतो. बायकांना निवृत्ती नसतेच, त्यामुळे आजार व्हायला सवडही नसते. आणि मग तिने बाया कर्वे काय म्हणतात ते वाचायला सांगितलं. बायांचं माझे पुराण हे आत्मचरित्र १९४४ मध्ये आलं. ते वाचल्यावर हिमालयाच्या सावलीत राहणं म्हणजे काय हे कळतं. कानेटकरांच्या नाटकाचं नाव उगीच पडलेलं नाही. अण्णासाहेब घरात येईल तो पैसा संस्थेकडे वळवत. स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात वाढती मुलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या धान्याची चिंता बायांनी करायची. संस्थेची मंडळी बायांना बाहेरचं मानत, याचंही त्यांना दुःख होतं. अण्णासाहेबांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही, पण त्यातला काही भाग बायांच्या खात्यावर खर्ची पडलेला आहे, आणि हिशेबनीस म्हणून मी ती नोंद खोडणार नाही. बायांचं काम करण्याचं मन त्यांच्याइतकंच दांडगं होतं. संधी मात्र उरलेली मिळाली.

मला अण्णासाहेबांच्या चरित्रातला सर्वांत आवडता भाग १९३६ चा आहे, आणि तोच फारसा कुणाला माहीत नसतो. वय अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठ मुंबईत गेलं, ते चालवणारी माणसं तयार झाली. सर्वसाधारण माणूस वय वाढेल तशी आणखी मोठी, आणखी नावाची गोष्ट धरायला बघतो. यांनी उलटं केलं. लहान लहान खेड्यांत, जिथे लोकल बोर्डाची शाळा पोचलेली नाही, तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं. विद्यापीठाकडून खाली थेट बिगरीकडे. पंधरा लाखांची देणगी पाहिलेला माणूस पुन्हा पुण्याच्या गल्लीबोळांतून, जिने चढून, आणे-पैसे गोळा करू लागला. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतला ठरावीक भाग दरमहा आधी तिथे जाई. ज्या मुलांना अ आ ई शिकवणारं कुणी नाही त्यांच्यासाठी एक गुरुजी आणि एक छप्पर, एवढंच मागणं. मुरूडच्या सोमण गुरुजींसारखा एखादा माणूस प्रत्येक वाडीला मिळावा, असं त्यांच्या मनात असेल का? तसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण मला तसं वाटतं.

या ठिकाणी आपल्या मेळाव्याच्या समितीत झालेल्या एका वादाचा उल्लेख करतो, समितीने रागावू नये. सुवर्णमहोत्सवाच्या वर्गणीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधून द्यावी आणि तिच्यावर बॅचचं नाव कोरावं, असा एक प्रस्ताव आहे. दुसरा प्रस्ताव आम्हा चारपाच जणांचा. शाळेत पाचवीच्या पूर्वी चार तुकड्या होत्या, आता एक आहे, तीही कशीबशी भरते. त्या तुकडीत वाचता न येणारी मुलं आहेत, हे मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः सांगितलं. गावात आणि दहा किलोमीटरच्या आत आपल्या बॅचचे अकरा जण राहतात, सगळे निवृत्त. प्रत्येकाने आठवड्यातून दोन दिवस, एक तास, दोन मुलांशेजारी बसून वाचून घ्यायचं. याला सिमेंट लागत नाही. ज्या मित्राचा वर उल्लेख केला तो या अकरांत आहे, आणि त्याने यादीत पहिलं नाव दिलं आहे. निर्णय मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रात व्हायचा आहे, म्हणून इथे लिहून ठेवलं. पोस्टाने आलेली पुस्तिका वाचून बाजूला ठेवायची आणि वेळ आली की काढायची, ही अण्णासाहेबांची रीत.

१ जानेवारी १९४४ ला त्यांनी समता संघ स्थापन केला. पंचाऐंशी पूर्ण झालेली होती. जात, धर्म, स्त्री-पुरुष हा भेद माणसामाणसांत नसावा, हे सांगण्यासाठी मानवी समता नावाचं मासिक काढलं. तारुण्यात विधवेशी लग्न केलं म्हणून ज्याला जातीने बाहेर काढलं, तो माणूस पन्नास वर्षांनी जातीच्याच मुळाशी जाऊन बसला. आपल्याकडे म्हातारपणी माणूस सनातनी होत जातो, असा अनुभव आहे. यांच्या बाबतीत वय वाढत गेलं तसं अंगण मोठं होत गेलेलं दिसतं. आधी विधवा, मग सगळ्या स्त्रिया, मग खेड्यातली पोरं, मग माणूस म्हणून जो कुणी असेल तो.

दीर्घायुष्याची दुसरी किंमतही त्यांनी मोजली. १९५० मध्ये बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ गेला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून कॉलेजातली नोकरी गमावलेला आणि समाजस्वास्थ्य हे मासिक एकहाती चालवणारा मुलगा. वडिलांच्या कामाइतकंच त्याचंही काम लोकांना पचायला जड गेलं. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाला पोचवलं. बरोबरीचे तर कधीच गेले होते. गोखले १९१५, टिळक १९२०, भांडारकर १९२५. ज्यांना त्यांचा तरुणपणचा चेहरा आठवेल असं फारसं कुणी उरलं नव्हतं. आपण पन्नास वर्षांनी भेटतोय तर समोरच्याच्या चेहऱ्यात अकरावीतलं पोर शोधतो. तेवढं सुखही त्यांना फारसं नव्हतं.

मग सन्मान आले, एकामागून एक. १९५५ ला पद्मविभूषण, १९५८ ला भारतरत्न. १८ एप्रिल १९५८ ला शंभर वर्षं पूर्ण झाली, मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर समारंभ झाला, पंडित नेहरू आले होते. टपाल खात्याने त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं. हयात माणसाचं चित्र स्वतंत्र भारताच्या तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ. टपालाने आलेल्या एका पुस्तिकेवरून विद्यापीठ काढणाऱ्या माणसाचा चेहरा पाकिटापाकिटांवरून घरोघर पोचला. आपल्यापैकी बहुतेकांचा त्या वेळी दुसरा वाढदिवस होत होता. म्हणजे आपण त्यांचे समकालीन आहोत, सहा वर्षांपुरते का होईना.

९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वय एकशे चार. आपण तेव्हा पहिलीत होतो. हिंगण्याची संस्था, विद्यापीठ, दोन्ही त्या दिवशी चालू होती, आणि दोन्हीकडे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांच्याही हाताखाली शिकलेली माणसं कामावर होती.